कापसाच्या खोलीतलं अर्धं गाणं

माझ्या दिराने आयुष्यात एकच कॅसेट काढली आणि ती कोणी ऐकली नाही. मीसुद्धा पुरती ऐकली नव्हती. एकदा लावली, दोन गाणी झाली, तिसऱ्याला वीज गेली. वीज आल्यावर पुन्हा लावायचं काही मनात आलं नाही. आता पस्तीसेक वर्षांनी तीच कॅसेट नव्याने निघाली आहे, ताटाएवढ्या काळ्या तबकडीवर आणि मोबाईलवरही. आधी आठ गाणी होती, आता चौदा आहेत. वाढलेली सहा आमच्या घरात टेप केलेली आहेत. त्यातल्या शेवटच्या गाण्यात माझा आवाज आहे आणि ते गाणं अर्धंच आहे. ते अर्धं का राहिलं हे सांगायचं आहे.

आमचं गाव मारेगावपासून एसटीने अर्ध्या तासावर. आमच्या वस्तीत गाणारे घरोघर. जयंतीला दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या, एकीने सवाल टाकायचा, दुसरीने जवाब द्यायचा. माझा दीर त्यात लहानपणापासून पुढे. मी लग्न होऊन आले तेव्हा तो दहावीत होता आणि जेवताना ताटावर बोटं वाजवायचा. सासू-सासरे लवकर गेले. त्याला वाढवलं माझ्या नवऱ्याने. नवरा म्हणजे एकदम कमी बोलणारा माणूस. पण धाकटा भाऊ गायला बसला की हा मंडपाच्या खांबाला टेकून उभा राहायचा आणि शेजारच्याला सांगायचा, "तो आपला हाये."

पुढे दीर नागपूरला गेला. लग्नात वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात दोन-तीन वर्षं काढली आणि परत आला तो विजेवर चालणारी गिटार घेऊन. लाल रंगाची, कुणीतरी वापरलेली. ती लाऊडस्पीकरवाल्याच्या अँप्लिफायरला जोडली की आमच्या कोंबड्या पळायच्या. आता जी मुलगी ही गाणी पुन्हा काढते आहे ती म्हणते, आजी, हे रॉक आहे, तेही वऱ्हाडीत. आम्ही त्याला भाऊजींचा कालवा म्हणायचो.

गाणी त्याची स्वतःची. न आलेल्या एसटीचं एक, मोटार जळालेल्या विहिरीचं एक, तहसीलमध्ये दाखल्यासाठी रांगेत उभ्या म्हातारीचं एक. लोकांना काही समजेना. जयंतीच्या मंडळातले एक वडीलधारे त्याला सरळ म्हणाले, "पोरा, हे भीमगीत नाही, कव्वाली नाही, सिनेमातलंबी नाही. मंग हे हाये तरी काय? लेकरं दचकून राह्यली." दीर म्हणाला, "दचकली म्हणजे आयकून राह्यली, काका." काकांना ते पटलं नाही. दुसऱ्या वर्षी त्याला मंडपात बोलावलं नाही.

मग त्याने ठरवलं की कॅसेट काढायची. एका साली कापसाचा भाव पडला. सगळ्यांनी केलं तेच आम्ही केलं, कापूस घरात थांबवला. आमच्या समोरच्या मोठ्या खोलीत भरला. तीन भिंतींना लागून छपरापर्यंत कापूस, मधे एक बाज मावेल एवढी जागा. कापसाच्या गावात हे नवल नाही. जो तो असाच भरतो आणि भावाची वाट बघतो.

एक दिवस दीर काहीतरी शोधायला त्या खोलीत गेला आणि आतून ओरडला, "वहिनी, इकडं या. टाळी वाजवा."

मी म्हटलं, "मले भाकरी टाकायच्या हायेत."

"एक टाळी हो!"

मी पिठाच्या हातांनी टाळी वाजवली. आवाज झाला आणि लगेच संपला.

"आता बाहेर येऊन वाजवा."

बाहेर ती भिंतीवर आपटून परत आली. मी म्हटलं, "मंग? आत मेली का टाळी?"

"मेली नाही. आत ती एकटी हाये. तिच्या मागं कोनी बोलत नाही." तो असा खूश झाला होता की जणू त्याला विहिरीला पाणी लागलं. "वहिनी, नागपूरले याच्यासाठी लोक भिंतीले गाद्या ठोकतात."

त्या दिवसापासून ती खोली त्याची झाली. दोन कॅसेटचा टेपरेकॉर्डर, मंडपवाल्याकडून आणलेला माईक, अँप्लिफायर, गिटार. लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा गावातला एक दोस्त त्याच्या जोडीला. दोघं सकाळी जेवून आत शिरायचे, दार लावायचे. बाहेर आल्यावर केसांत, भुवयांत, मिशीत कापूस. ड्रमवाल्याला मी म्हणायची, "तुमची सरकी काढायले पायजे." तो म्हणायचा, "काढा वहिनी, पन तेल आमचं."

आता माझी बाजू सांगते. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात. अंगावर चढले की खाज सुटते, पुरळ येतं. माझ्या धाकट्या मुलीची मान लाल झाली होती, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत. हे दोघं आत बसून कापूस हलवणार आणि तो सगळा घरभर उडणार. शिवाय आत विजेची वायर. एक ठिणगी पडली असती तर घर राहिलं नसतं. हे सगळं खरं आहे. पुढे मी सगळ्यांना हेच सांगत आले. पण कापूस न्यायला मी गाडी बोलावली त्याचं कारण हे नव्हतं.

कारण असं झालं. पाच गाणी टेप झाली होती, सहावं चाललं होतं. नवरा दोन दिवस यवतमाळला कागदाच्या कामाला गेला होता. मी भिंतीपलीकडे तूर निवडत बसले होते. दार बंद, पण आमच्या घराची मधली भिंत वरपर्यंत नाही, वर हातभर मोकळी. आवाज स्वच्छ येत होता.

सूर्य उगवे तिले इचारून,
कोंबडा आरवे तिले इचारून,
आमच्या घरचं घड्याळ बंद,
वहिनी सांगे तितके वाजले.

मी हातातलं सूप खाली ठेवलं. पुढे होतं:

भाकर तिची गरम गरम,
बोलनं तिचं त्याहून गरम,
एका हातानं वाढून देते,
दुसऱ्या हातानं ऐकून घे.

आणि ड्रमवाला हसला. मनापासून हसला, वाजवायचं थांबवून. गाण्याचा मला तेवढा राग आला नाही. त्या हसण्याचा आला. मी ज्या माणसाला रोज चहा देते तो माझ्या घरात, माझ्या कापसात बसून मला हसतो आहे. दिराचे कपडे मी धुते, त्याच्या लग्नाचं बघते आहे, आणि त्याला माझ्यात एवढंच दिसलं. तेव्हा माझं वय तिशीच्या आतबाहेर. माझ्यावर कोणी गाणं रचेल असं मला कधी वाटलं नव्हतं आणि रचलं तर असं.

चौथीपर्यंतचं माझं शिक्षण त्या दिवशी कामाला आलं. मुलीच्या वहीचं पान फाडलं आणि व्यापाऱ्याला चिठ्ठी लिहिली. कापूस द्यायचा आहे, गाडी उद्याच पाठवा. मारेगावला दूध घेऊन जाणाऱ्याच्या हाती दिली. नवऱ्याला विचारलं नाही. तो आणखी पंधरा दिवस थांबणार होता, मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. हे दोघं आत होते, ते सहावं गाणं पहिल्यापासून पुन्हा म्हणत होते. मी दार ढकललं.

पुढचं मला आठवणीतून सांगायची गरज नाही, कारण टेप चालू होता. दोन कडवी होतात. तिसरं सुरू होतं. दीर म्हणतो, "अन् एके दिवशी..." आणि दार वाजतं. मग माझा आवाज येतो, "आता बस करा भाऊजी. गाडी उभी हाये."

"कोनती गाडी?"

"कापसाची."

"वहिनी, एकच कडवं राह्यलं."

"कडवं बाहेर बसून म्हना."

मग खट्ट. टेप बंद.

दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. माणसं चादरींत कापूस बांधून गाडीत टाकत होती आणि दीर ओट्यावर गिटार मांडीवर घेऊन बसला होता. मला तेव्हा एक गोष्ट खरंच माहीत नव्हती. मला वाटलं, गाणी म्हणायला खोली लागते, आणि खोली तर आहे तिथेच आहे. उलट मी झाडून, सारवून त्याला म्हटलं, "आता बसा ऐसपैस." मला त्याला अद्दल घडवायची होती, त्याचं काम बंद पाडायचं नव्हतं. टाळीचं त्याने मला दाखवलं होतं, पण मी ते गंमत म्हणून पाहिलं. कापूस हाच त्याचा स्टुडिओ होता हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

त्याने दोन दिवस प्रयत्न केला. गावातल्या गोधड्या, पोती, मंडपवाल्याचे पडदे, सगळं भिंतींना टांगलं. सारवलेली जमीन, उघड्या भिंती, वर टिनाचे पत्रे. आवाज घुमायचा तो घुमायचाच.

नवरा गाडी आली त्याच संध्याकाळी परत आला होता. रिकामी खोली बघून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वायर होती आत. मले भेव लागलं." जेवायला दोघं भाऊ समोरासमोर बसले. दिराने विचारलं, "दादा, गाडी कोनं सांगितली?"

मी चुलीपाशी होते. माझी पाठ त्यांच्याकडे होती. भाकर थापत होते, ती थापत राहिले.

नवरा म्हणाला, "म्याच सांगितली. घर जळलं असतं."

"चार दिवस थांबला असता तर मरत होता का तू?"

"सांगितली न आता," एवढंच तो म्हणाला.

मी तेव्हा तोंड उघडायला पाहिजे होतं. वळायचं आणि म्हणायचं, मी बोलावली. एवढंच. मला वाटलं, दोन दिवस रुसतील, मग सांगू. दोन दिवसांनी वाटलं, आता कशाला उकरायचं. पुढे तेच वाटत राहिलं. नवऱ्यानेही कधी मला विचारलं नाही की तू का बोलावलीस. विचारलं असतं तर मी गाण्याचं सांगितलं असतं का, हे मला आजही माहीत नाही.

दीर नागपूरला गेला. तिथल्या एका स्टुडिओत आठ गाणी टेप केली. माझ्यावरचं त्यात घेतलं नाही. स्टुडिओवाल्याने त्यात कॅसिओची पेटी घातली, मागे तीन मुली आ आ करायला उभ्या केल्या आणि दिराच्या आवाजाला असा घुमारा दिला की तो विहिरीत पडून ओरडतो आहे असं वाटावं. वेष्टनावर धबधब्याचा फोटो. आमच्या तालुक्यात धबधबा नाही. दीर स्वतः पिशवी घेऊन वणी, पांढरकवडा, पुसद असा फिरला. दुकानदार विचारायचे, जयंतीची का, लग्नाची? तो सांगायचा, दोन्ही नाही. ते कॅसेट परत द्यायचे.

पुसदला फिरता फिरता तिथेच एका शाळेत शिपाई म्हणून लागला. लग्न तिकडेच केलं. गिटार एका मंडळाला देऊन टाकली. नंतर त्याने एकही गाणं केलं नाही. सणावारी यायचा, लग्नकार्याला यायचा. मला वाकून नमस्कार करायचा, मुलींसाठी खाऊ आणायचा. भावाशी बोलायचा तो सोयऱ्याच्या सोयऱ्याशी बोलावं तसा. पाऊस कसा आहे, तूर कशी आहे. नवरा शेवटच्या आजारात खाटेवर होता तेव्हा दीर भेटायला आला. अंगणात बसला. मला विचारलं, "वहिनी, तब्येत कशी हाये दादाची?" दादा दहा हातांवर आत होता. मी म्हटलं, "आत जाऊन पाहा." तो गेला, पाच मिनिटांत बाहेर आला. त्यानंतर महिनाभरात नवरा गेला.

त्या पाच मिनिटांत मी आत गेले असते आणि दोघांच्या मधे उभं राहून सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही, माझी नाचक्की झाली असती. मी चहा ठेवला.

मग दोन वर्षांपूर्वी ती मुलगी आली. नागपूरची, पँट घालणारी, जुन्या कॅसेटी गोळा करणारी. तिला दिराची कॅसेट जुन्या बाजारात सापडली. तिने पुसदला दिराला शोधून काढलं. तो तिला म्हणाला, खरी गाणी त्या कॅसेटमध्ये नाहीतच, ती आधीची, असलीच तर वहिनीकडे असतील. होती. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कपाटावर. जपून ठेवली होती असं मी म्हणणार नाही. टाकली नव्हती, इतकंच. एकीवर माझ्या मुलीने लग्नातली गाणी टेप केली होती, एकीला बुरशी लागली होती. तरी तिने त्यातून सहा गाणी काढली.

ते सगळं तिने मोबाईलवर पाठवलं. मी एकटीने ऐकलं. स्टुडिओतली आठ ऐकली, ती तशीच, विहिरीतली. मग नववं लागलं. एकदम जवळ. गिटारीच्या तारेवर बोट घासतं तेसुद्धा ऐकू येतं. श्वास घेतो तो ऐकू येतो. एसटीचं गाणं, तहसीलातल्या म्हातारीचं गाणं. मी तिशीत असताना हे सगळं भिंतीपलीकडे चाललं होतं आणि मी तूर निवडत होते. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण एवढं कळलं की हा माणूस चांगला होता आणि त्याला आम्ही विहिरीत टाकलं.

शेवटी माझं गाणं. मनातून मला वाटत होतं की आता ऐकल्यावर ते तितकं वाईट नसेल, त्यात कुठेतरी माया असेल. तसं काही नाही. तो माझी टिंगलच करतो आहे. पण बरोबर करतो आहे. मी अशीच होते आणि अशीच आहे. सहाही गाण्यांत तेच सगळ्यात चांगलं आहे आणि त्याचं तिसरं कडवं नाही.

मुलीचा फोन आला. "आजी, तुमचा तो आवाज राहू द्यायचा ना? कडवं बाहेर बसून म्हना! लोक वेडे होतील त्यावर."

मी म्हटलं, "राहू दे. माझाच हाये."

तिने सोबत छापायच्या छोट्या पुस्तकाचा मजकूर पाठवला. मी अक्षर मोठं करून वाचला, सावकाश. त्यात दिराची सगळी कहाणी होती, त्यानेच सांगितलेली. आणि एक वाक्य होतं. थोरल्या भावाने न विचारता कापूस विकला, म्हणून कापसाच्या खोलीतलं काम अर्धवट राहिलं. पुढे भावाचं पूर्ण नाव.

माझा नवरा आयुष्यात कुठे छापून आला नव्हता. मतदार यादी सोडली तर. आता पहिल्यांदा छापून येणार होता तो असा.

मी दिराला फोन करून बोलावलं. कामाचं आहे, फोनवर सांगण्यासारखं नाही. तो दुसऱ्या दिवशी आला, पुसदवरून दोन गाड्या बदलून. साठी ओलांडली आहे, गुडघे गेलेत. त्याला वाटलं, जमिनीचं काही असेल. बसला, पाणी प्यायला. मी उभीच राहिले.

"भाऊजी, ती गाडी म्या बोलावली होती."

"कोनती गाडी?"

"कापसाची. तुमच्या दादानं नाही. तो यवतमाळले होता. चिठ्ठी म्या लिवली."

तो माझ्याकडे बघत राहिला. "काहून?"

"तुमी माह्यावर गानं म्हनत होते. म्या आयकलं. तो ड्रमवाला हसला."

दीर हसायला लागला. "म्हनजे गानं जमलं होतं!" त्याने मांडीवर थाप मारली. "वहिनी, माह्या जिंदगीत ज्या गान्यानं काई घडलं असं एकच निघालं, अन् ते..." बोलता बोलता त्याचं हसू गेलं. मला दिसलं तसं.

"पन दादा तर म्हने, म्याच सांगितली."

"मले वाचवलं."

"अन् तुमी?"

"मी भाकरी थापून राह्यली होती."

"मले माहीत हाये तुमी काय थापत होत्या," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "तीस वर्षं, वहिनी. म्या त्याच्याशी तीस वर्षं नीट बोललो नाही. तो मराले टेकला तरी मी पाच मिनटं बसलो. तुमी तवा काय करत होत्या?"

"चहा."

"बोलाले तर तुमाले कधी कोनं शिकवा लागलं नाही. सूर्य तुमाले इचारून उगवे. अन् हे येवढं एक बोलाले..." त्याने वाक्य सोडून दिलं.

मी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढे हात जोडले. तो म्हणाला, "हात कायले जोडता? मी कोन? ज्याले जोडाचे तो गेला." मी ताट वाढलं होतं. त्याने चप्पल घातली. मी म्हटलं, "जेवून जा. गाडीले येळ हाये." तो म्हणाला, "भूक नाही." आमच्या घरून तो न जेवता कधी गेला नव्हता. दाराशी मी एक विचारलं. विचारायची ती वेळ नव्हती, पण मला पुन्हा वेळ मिळेल याची खात्री नव्हती.

"ते तिसरं कडवं काय होतं? अन् एके दिवशी, काय?"

"आठवत नाही."

"लिवलं नव्हतं?"

"म्या कधी लिवतो का? तोंडातच रचत होतो." त्याने डोळे बारीक करून रस्त्याकडे बघितलं, आठवायचा खरंच प्रयत्न केला असं मला वाटलं. "नाही. गेलं ते." आणि तो गेला.

मी मुलीला फोन केला. सांगितलं, ते वाक्य बदल. भावाने नाही, भावजयीने. आणि वायरीचं, आगीचं काही घालू नको. राग आला म्हणून, असं लिही.

ती म्हणाली, "आजी, छापायचं हे? लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"ठेवू दे. मरेपर्यंत पुरतील एवढी माह्याजवळ हायेत, आनखी दोन ठेवली तर काय होते?"

"काकांना चालेल का?"

"त्याले इचार."

तिने विचारलं. त्याने चालेल म्हटलं. माझ्याबद्दल आणखी काही बोलला नाही, असं तिने सांगितलं.

तबकडी छापून आली. एक माझ्याकडे पाठवली. ती वाजवायचं यंत्र आमच्या गावात कोणाकडे नाही. पुस्तकात ते वाक्य मी सांगितलं तसं आहे. नवऱ्याचं नाव आहे, पण दुसऱ्या ठिकाणी. त्याने भावाला वाढवलं आणि मंडपात उभा राहून ऐकायचा, एवढंच. हे मी मुलीला सांगितलं नव्हतं. म्हणजे दिराने नंतर सांगितलं असणार. गाणी म्हणे खूप लोक ऐकतात. पुण्या-मुंबईतले, परदेशातलेही. नागपुरात कार्यक्रम ठेवला होता. दीर गेला, स्टेजवर बसला, गायला नाही. मला कोणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी मी गेले नसते.

दिराचा फोन तीन महिने आला नाही. आधी दर आठवड्याला यायचा. मीही केला नाही. चूक माझी असली की फोन करणं कठीण जातं आणि मला त्याची सवय नाही.

परवा आला. दुपारी. मी उचलला. त्याने तब्येत विचारली नाही, पाऊस विचारला नाही.

"वहिनी, एक इचारतो. दादानं आयकली होती का ती गानी? कापसातली?"

तो पुढे म्हणाला, "कॅसेट तुमच्याचकडे होत्या. टेप होता घरात. मी गेल्यावर कधी लावली असंन. एखाद्या वेळी."

टेप होता. चालू होता. नवरा त्यावर बातम्या ऐकायचा. त्याचं तोंड कसं होतं मला माहीत आहे, भाऊ गात असताना कसं व्हायचं. त्याने कधी सांगितलं नाही की लाव म्हणून, आणि मी कधी लावल्या नाहीत, कारण शेवटच्या कॅसेटमध्ये मी होते आणि गाडीचं खरं कारणही होतं. माझा आवाज त्याच्या कानावर पडू नये म्हणून त्याच्या भावाचा आवाजही मी पडू दिला नाही.

मी हो म्हणू शकले असते. दिराला बरं वाटलं असतं, आणि खरंखोटं बघणारा कोणी राहिला नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "एकबी नाही."

त्याच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता.

"बरं," तो म्हणाला.

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.